मॉनिटरखाली महिना: छापून लावायची कॅलेंडर-पट्टी कशी बनवायची

मी सांगलीत एका करसल्लागारांच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. आमच्याकडे 'आज तारीख किती' हा प्रश्न कुणाला पडत नाही, ती स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतेच. पडतो तो प्रश्न असा: सात तारखेला अजून किती दिवस आहेत, आणि त्यातले किती दिवस बँक बंद आहे? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उत्तर मिळतं, पण त्यासाठी मान वळवायची, चौकोनांवर बोट ठेवून मोजायचं. शिवाय तिथे आठवडा संपला की ओळ तुटते. शुक्रवार वरच्या ओळीच्या टोकाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी येणारा मंगळवार खालच्या ओळीच्या सुरुवातीला. डोळ्याला ते दोन दिवस लांबचे वाटतात.

पट्टीवर ओळ तुटत नाही. सगळा महिना एका रांगेत असतो आणि एक दिवस म्हणजे सात मिलिमीटर. मुदत किती लांब आहे ते मोजावं लागत नाही, दिसतं. ही पट्टी मॉनिटरच्या खालच्या कडेला लावली की काम करताना नजर दिवसातून शंभरदा तिच्यावरून जाते, मुद्दाम बघायची गरज उरत नाही.

मी आता काही वर्षं दर डिसेंबरात ऑफिसातल्या सगळ्यांसाठी या पट्ट्या बनवते. सुरुवातीला बरेच कागद वाया गेले, एकदा मॉनिटरच्या कडेचा रंग निघाला आणि एकदा पट्टीच्या मांडणीतल्या चुकीमुळे मुदतही हुकली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते. उदाहरणासाठी २०२७ हे वर्ष घेतलंय.

काय काय लागेल

- लिब्रेऑफिस कॅल्क, म्हणजे रकाने-ओळींचे तक्ते करायचा प्रोग्राम. हे मोफत आहे आणि यात रकान्याची रुंदी सरळ सेंटिमीटरमध्ये देता येते. एक्सेल चालेल, पण तिथे रुंदी एरवी अक्षरांच्या मापात असते; सेंटिमीटरसाठी 'पेज लेआउट' दृश्यात जावं लागतं. गुगल शीट्समध्ये रुंदी पिक्सेलमध्ये असल्यामुळे नेमक्या मापाचं काम तिथे कटकटीचं होतं.
- ए-फोर कागद, शक्यतो १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम). नेहमीचा ७० किंवा ८० चा कागद पंख्याच्या वाऱ्याने कडांना वळतो.
- ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, पेपर कटर किंवा धारदार कात्री.
- एक जाड लग्नपत्रिका किंवा वहीचा मागचा पुठ्ठा.
- पोस्टर चिकटवायची पुट्टी. स्टेशनरीच्या दुकानात मिळते, च्युइंगमसारखी मऊ असते आणि निघताना डाग सहसा ठेवत नाही.
- शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक प्लास्टिक झाकण. हे कशाला ते पुढे येईलच.

१. आधी मॉनिटर मोजा

स्क्रीन नव्हे, स्क्रीनच्या खालची चौकट मोजायची. जुन्या मॉनिटरना खाली दीड-दोन सेंटिमीटरची प्लास्टिकची कड असते, तिच्यावर पट्टी आरामात बसते. नव्या मॉनिटरची कड अनेकदा एक सेंटिमीटरही नसते. तिथे पट्टी कडेवरून खाली लोंबती ठेवावी लागते. तेही जमतं, फक्त मागे पुठ्ठा हवा.

मोजतानाच दोन गोष्टी बघून घ्या. चालू-बंद करायचं बटण कुठे आहे? काही मॉनिटरना खालच्या कडेच्या आतल्या बाजूला, बोटानेच सापडतील अशी बटणं असतात. आणि कडेवर छोटा दिवा किंवा उजेड मोजणारा सेन्सर आहे का? तो झाकला गेला तर स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होत राहतो आणि कारण कळत नाही.

रुंदीची काळजी नको. २४ इंची मॉनिटरची स्क्रीन सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असते, १९ इंची जुन्या चौकोनी मॉनिटरची साडेसदतीस. आडवा ए-फोर २९.७ सेंटिमीटरचा, म्हणजे पट्टी कुठेही मावते.

२. एक महिना नको, अडतीस दिवस घ्या

सगळ्यात जास्त नुकसान मला याच गोष्टीने केलं, म्हणून इथे थोडी थांबते.

माझ्या पहिल्या पट्ट्या १ ते ३१ अशा सरळ होत्या. दिसायला छान. पण २८ तारखेला पट्टी बघितली तर समोर तीनच दिवस दिसायचे आणि पुढे मॉनिटरचं काळं प्लास्टिक. पुढच्या महिन्याची ७ तारीख, म्हणजे टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) सरकारकडे भरायची शेवटची तारीख, पट्टीवर नाहीच. महिनाअखेरच्या धांदलीत नवी पट्टी लावायची राहिली, पाच दिवस जुनीच पट्टी समोर होती आणि एका अशिलाचा टीडीएस ८ तारखेला भरला गेला. एका दिवसाचा उशीर, पण टीडीएस उशिरा भरला की दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात.

तेव्हापासून माझी प्रत्येक पट्टी अडतीस रकान्यांची असते. चालू महिना ठळक, त्यापुढे नव्या महिन्याचे दिवस फिकट राखाडी. हिशेब सोपा आहे:

- ३१ दिवसांचा महिना: पुढचे ७ दिवस
- ३० दिवसांचा महिना: पुढचे ८ दिवस
- २८ दिवसांचा फेब्रुवारी: पुढचे १० दिवस (२०२८ सारख्या लीप वर्षी ९)

प्रत्येक पट्टीवर पुढच्या महिन्याची ७ तारीख येतेच. तुमचं काम वेगळं असेल, कुणाला पाच तारखेचा कर्जाचा हप्ता, कुणाला दहा तारखेची शाळेची फी, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काहीतरी देणं नसलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही.

३. कॅल्कमध्ये आखणी

नवी फाइल उघडा आणि टाइप करण्याआधी पानाची मांडणी करा. फॉरमॅट मेनूत पेज स्टाइलमध्ये जा. कागद ए-फोर, आडवा, चारही समास ६ मिलिमीटर. तिथेच हेडर आणि फूटर असे दोन कप्पे आहेत, दोन्ही बंद करा. ते चालू राहिले तर वर शीटचं नाव आणि खाली पान क्रमांक छापला जातो, आणि त्यांच्या जागेपायी शेवटची पट्टी दुसऱ्या पानावर ढकलली जाते. नवख्या माणसाला हे का होतंय ते कळत नाही.

त्याच खिडकीत शीट नावाच्या कप्प्यात छपाईचं प्रमाण असतं. ते १०० टक्के ठेवा. 'पानात बसवा' असे पर्याय निवडू नका, नाहीतर सगळी मापं बदलतात.

आता मापं. पहिला रकाना १८ मिलिमीटर, त्यात महिन्याचं नाव आणि वर्ष दोन ओळींत. त्यापुढचे अडतीस रकाने, म्हणजे बी पासून एएम पर्यंत, प्रत्येकी ७ मिलिमीटर. बेरीज २८४ मिलिमीटर. समास सोडून कागदावर २८५ मिलिमीटर जागा आहे, म्हणजे बरोबर बसलं.

एका पट्टीला तीन ओळी:

- वार: ५ मिलिमीटर
- तारीख: ७ मिलिमीटर
- नोंद: ६ मिलिमीटर

मिळून १८. दोन पट्ट्यांमध्ये ४ मिलिमीटरची रिकामी ओळ ठेवा, कापायला सोपं जातं. एका पानावर सहा महिने, म्हणजे वर्षाला दोन पानं. खाली जागा उरते. तिथे एक कोरी पट्टी घालून ठेवा, काही चुकलं तर हाताने लिहून वापरता येते.

इंकजेट प्रिंटर असेल तर एक सावधगिरी. काही इंकजेट प्रिंटर कागदाचं शेवटचं टोक सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही जास्त कोरं सोडतात. आपली पट्टी आडवी असल्यामुळे ते टोक नेमकं पट्टीच्या एका बाजूला येतं आणि तारखा कापल्या जातात. असं झालं तर रकाने ७ ऐवजी ६.८ मिलिमीटरचे करा आणि ज्या बाजूला कापलं जातं तिकडचा समास वाढवा. मग पट्टी २७६ मिलिमीटरची होते.

४. तारखा आणि वार भरा

इथे सूत्रं वगैरे काही लागत नाहीत. पट्टीत तारखा नेहमी १ पासूनच सुरू होतात, बदलतात ते फक्त वार. म्हणून तारखांचे तीन साचे करा: ३१ अधिक ७, ३० अधिक ८, २८ अधिक १०. आणि जिथे जो लागेल तो चिकटवा.

आकडे देवनागरीत हवे असतील तर आधी त्या कप्प्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा, मग १, २, ३ टाइप करा. नाहीतर प्रोग्राम त्यांना संख्या समजून आपल्या मनाने रूप देऊ शकतो. अडतीस आकडे हाताने टाइप करायला पाच मिनिटं लागतात आणि ते एकदाच करायचंय.

वारांसाठी सात कप्प्यांत सात वार लिहा, सातही निवडा आणि कोपऱ्याचा ठिपका धरून उजवीकडे ओढा. तीच साखळी पुढे चालू राहते. पहिला महिना जानेवारी. १ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे, म्हणून सुरुवात शुक्रवारापासून.

वारांची अक्षरं कशी लिहायची याचा नीट विचार करा, कारण मराठीत इथे एक खड्डा आहे. बहुतेक जण सो, मं, बु, गु, शु, श, र असं लिहितात. पडद्यावर मोठं करून बघताना काही चुकीचं वाटत नाही. पण आठ पॉइंटमध्ये छापलं आणि हातभर अंतरावरून बघितलं की 'शु' आणि 'श' यांच्यातला उकार दिसेनासा होतो. दोन शनिवार शेजारी शेजारी असल्यासारखे वाटतात. मी शनिवारासाठी 'शनि' असं पूर्ण लिहिते. सात मिलिमीटरमध्ये ते मावतं. 'बु' आणि 'गु' तेवढे फसवत नाहीत, कारण बुधवार-गुरुवार हे आठवड्याच्या मधोमध असतात आणि जागेवरूनच ओळखू येतात.

दुसरा खड्डा उंचीचा. देवनागरीला वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा जास्त उंची लागते. ओळ बेताची असेल तर 'मं'चा अनुस्वार आणि 'बु'चा उकार कापला जातो. वारांना ८ पॉइंट आणि तारखांना ११ पॉइंट ठळक, हे वर दिलेल्या उंचीत बसतं. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या संस्थेने बनवलाय आणि लहान आकारातही त्याची अक्षरं मोकळी राहतात. विंडोजमध्ये आधीपासून असलेला निर्मला यूआयही चांगला आहे. मंगल चालतो, पण तो ओळीत जास्त उंची खातो.

डीटीपीवाल्यांकडचे जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले फॉन्ट वापरू नका. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं उमटतात.

५. छापण्याआधी तपासा

वार एका घराने सरकलेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास बसलेला असतो. तपासायच्या चार सोप्या युक्त्या आहेत.

पहिली युक्ती आपल्या अडतीस रकान्यांनीच दिली आहे. जानेवारीच्या पट्टीवर राखाडी १ ज्या वाराखाली आहे, फेब्रुवारीची पट्टी त्याच वारापासून सुरू झाली पाहिजे. अशी प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीची साक्ष देते. २०२७ मध्ये फेब्रुवारी सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो, नेमके चार आठवडे. सरावासाठी हाच महिना आधी करा.

दुसरी: लीप नसलेल्या वर्षी जानेवारी आणि ऑक्टोबर एकाच वारी सुरू होतात. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर एकाच वारी. एप्रिल-जुलै एकाच वारी, सप्टेंबर-डिसेंबर एकाच वारी.

तिसरी मला फार आवडते. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या पाचही तारखांना कोणत्याही वर्षी एकच वार असतो. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी कोणत्याही तारखेचा वार तोंडी काढायची जी रीत बसवली, तिचा हा आधार आहे. २०२७ मध्ये तो वार रविवार आहे. पाच ठिकाणी बोट ठेवून बघा, पाचही रविवार आले तर वर्ष बहुतेक बरोबर आहे.

चौथी: दुसरा शनिवार ८ ते १४ च्या दरम्यानच येतो आणि चौथा २२ ते २८ च्या दरम्यान. याबाहेर आला तर मोजणी चुकली.

६. सुट्ट्या आणि मुदती

रविवारचा रकाना वरपासून खालपर्यंत हलक्या राखाडी रंगाने भरा. लाल करू नका. झेरॉक्सच्या दुकानात बहुतेक वेळा काळी-पांढरी छपाई स्वस्त म्हणून तीच घेतली जाते, आणि तिच्यात लाल अक्षर हे नुसतं थोडं फिकट काळं दिसतं. राखाडी भरणी दोन्हीकडे ओळखू येते. सोमवारच्या डाव्या बाजूला जरा जाड उभी रेघ द्या, म्हणजे आठवडे सुटे दिसतात.

दुसरा आणि चौथा शनिवार वेगळा दाखवा. १ सप्टेंबर २०१५ पासून या दोन शनिवारी बँका बंद असतात आणि पहिला, तिसरा, पाचवा शनिवार चालू. जानेवारी २०२७ मध्ये हे बंद शनिवार ९ आणि २३ ला आहेत. तुमचं काम राज्य सरकारच्या कार्यालयांशी असेल तर २९ फेब्रुवारी २०२० पासून तिथे पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सगळेच शनिवार राखाडी करा.

ठरलेल्या तारखांच्या सुट्ट्या आताच भरता येतात. २०२७ मध्ये २६ जानेवारी मंगळवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती शुक्रवारी, १४ एप्रिल बुधवारी, १ मे शनिवारी, १५ ऑगस्ट रविवारी, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर दोन्ही शनिवारी.

पाडवा, ईद, गणेशचतुर्थी, दिवाळी या मात्र आठवणीने किंवा मागच्या वर्षावरून टाकू नका. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं, ती हातात आल्यावरच भरा. चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सुट्ट्या तर पेन्सिलीनेच, त्या एखाद्या दिवसाने सरकू शकतात.

आता मुदती. आमच्या ऑफिसच्या पट्टीवर एवढ्याच आहेत:

- ७: टीडीएस (फक्त मार्च महिन्याचा ३० एप्रिलपर्यंत)
- ११: जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण)
- १५: पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी विमा); जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये आगाऊ आयकराचा हप्तासुद्धा
- २०: जीएसटीआर-३बी (जीएसटीचा गोषवारा आणि कर भरणा)

तिमाही विवरण भरणाऱ्या महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीला तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख.

नोंदीच्या ओळीत सात मिलिमीटरमध्ये दोन अक्षरं मावतात: 'टी', 'जी', 'पी'. शेजारचा कप्पा रिकामा असेल तर शब्द त्यात सांडतो, चालतं. सरकार मुदती कधी कधी पुढे ढकलतं, म्हणून ज्या मुदती छापल्यात त्यांना गोल करायला पेनऐवजी पेन्सिल वापरा.

एका पट्टीवर छापील खुणा सहा-सातपेक्षा जास्त नकोत, हे माझं ठाम मत आहे. एका सहकारी ताईंनी सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस, गॅसची नोंदणी, दूधवाल्याचा हिशेब, सगळं भरलं होतं. पंधरा दिवसांत त्यांची नजर पट्टीवरून नुसती घसरायला लागली. ज्याच्यासाठी तुम्ही पट्टी बनवताय तेवढंच छापा. बाकीचं त्या त्या महिन्यात हाताने लिहा. स्वतःच्या अक्षरातली नोंद छापील नोंदीपेक्षा चटकन डोळ्यात भरते.

७. पीडीएफ करा आणि मग छापा

मूळ फाइल घेऊन दुकानात जाऊ नका. फाइल मेनूतून पीडीएफ करून न्या, फॉन्ट त्यातच बांधला जातो.

दुकानात एकच वाक्य सांगायचं: 'ॲक्चुअल साइझला काढा, फिट करू नका.' हे सांगितलं नाही तर प्रिंटर पानाला आपल्या समासात बसवायला थोडं आक्रसतो. दिसायला फरक कळत नाही, स्टीलच्या पट्टीने मोजल्यावर कळतो. एकच पान आधी काढा आणि पहिल्या तारखेच्या डाव्या रेघेपासून शेवटच्या तारखेच्या उजव्या रेघेपर्यंत मोजा. २६६ मिलिमीटर आलं पाहिजे. २५८ च्या आसपास आलं तर पान तीन टक्क्यांनी आक्रसलंय (रकाने ६.८ चे केले असतील तर मात्र २५८ हेच बरोबर माप).

जमलं तर लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई बऱ्याचदा ओल्या बोटाने पसरते, आणि टेबलावर चहाचा कप असतोच. चकचकीत फोटो पेपर आणि चकचकीत लॅमिनेशन दोन्ही टाळा, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला की निम्म्या तारखा दिसत नाहीत. शिवाय लॅमिनेशनवर पेन्सिल चालत नाही.

८. कापणं

स्टीलची पट्टी दाबून धरून कटरने दोन-तीन हलके हात मारा, एका दणक्यात कापायला गेलं की कागद ओढला जातो. खाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवा. आधी सगळ्या आडव्या रेघा, मग टोकं.

९. मॉनिटरला लावणं

आधी काय करू नये ते सांगते, कारण इथे पैशांचं नुकसान होतं.

दुहेरी फोम टेप लावू नका. मी लावली होती. सहा महिन्यांनी काढताना कडेच्या चंदेरी रंगाचा पापुद्रा टेपबरोबर आला. साधी पारदर्शक टेपही उन्हाळ्यात चिकट राळ मागे ठेवते. ती राळ निघायला खोडरबराने घासा किंवा कापसावर थेंबभर खोबरेल तेल घेऊन पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं. आणि यातलं काहीही स्क्रीनच्या काचेला लागू देऊ नका.

मॉनिटरच्या वरच्या कडेला पट्टी लावायचा मोह होतो, तोही टाळा. मागच्या बाजूला वर गरम हवा बाहेर जायच्या फटी असतात, आणि कागद पुढे वाकून स्क्रीनवर येतो.

मी जी पद्धत वापरते तिच्यात मॉनिटरला वर्षातून एकदाच हात लावावा लागतो. लग्नपत्रिकेचा किंवा पुठ्ठ्याचा ३०० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर उंच तुकडा कापा. पत्रिका तेवढी लांब नसेल तर दोन तुकडे मागून जोडा. हा झाला धारक. त्याच्या दोन्ही टोकांना कागदाची छोटी त्रिकोणी खिसेवजा टोपी चिकटवा, जुन्या अल्बममध्ये फोटोच्या कोपऱ्यांना असायच्या तशी. महिन्याची पट्टी या टोप्यांत सरकवायची. महिना संपला की ओढून काढायची, नवी घालायची.

धारक मॉनिटरला लावताना कड मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्या. धुळीवर पुट्टी धरत नाही. धारकाच्या फक्त दोन टोकांना हरभऱ्याएवढी पुट्टी लावून दाबा. मधे काही लावू नका, त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे. चौकट बारीक असेल तर धारकाचा वरचा भाग कडेवर टेकवा आणि उरलेला खाली लोंबू द्या. पुठ्ठा असल्यामुळे तो वाकत नाही. पण मॉनिटरची मान खाली-वर होते ना ते बघा. स्क्रीन पूर्ण खाली केली की धारक टेबलाला टेकायला नको.

कंपनीचा संगणक असेल तर लावण्याआधी विचारून घ्या. काही ठिकाणी यंत्रांवर काहीही चिकटवायला मनाई असते. तिथे हाच धारक दोन पुठ्ठ्यांच्या पायांवर मॉनिटरसमोर उभा करता येतो.

१०. आजची खूण

पट्टीवर 'आज' कुठे आहे हे कळलं नाही तर अंतरही कळत नाही. शर्टाच्या खोक्याच्या झाकणातून ८ मिलिमीटर रुंद आणि ४६ मिलिमीटर लांब तुकडा कापा. त्याच्या दोन्ही लांब कडांना लाल मार्करने रेघ ओढा. हा तुकडा धारकाभोवती गुंडाळा आणि मागच्या बाजूला टेपने जोडा. पारदर्शक कडी तयार झाली. तारीख आणि नोंद तिच्यातून दिसतात आणि ती सरकते. पुट्टी फक्त टोकांना का लावायची ते आता लक्षात आलं असेल: मधल्या फटीतून कडी जायला हवी.

रोज सकाळी संगणक सुरू होईपर्यंत कडी एक घर पुढे सरकवायची. सोमवारी तीन घरं सरकतात तेव्हा आठवडा कसा पुढे गेला ते बोटालाच कळतं.

कडी करायची नसेल तर संपलेल्या दिवसावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. फुली नको, फुलीखाली तारीख वाचता येत नाही आणि मागचा एखादा दिवस शोधायची वेळ येतेच.

११. लॅपटॉप असेल तर

स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर काहीही चिकटवू नका. झाकण बंद झाल्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात फार कमी जागा असते. तिथे पुठ्ठा राहिला तर दाब थेट काचेवर येतो आणि पॅनेलला तडा जाऊ शकतो. लॅपटॉप स्टँडवर ठेवत असाल तर धारक स्टँडच्या पुढच्या दांडीला लावा. स्टँड नसेल तर पट्टी पुठ्ठ्यावर चिकटवून, तो पुठ्ठा मधोमध लांबीत दुमडून तंबूसारखा लॅपटॉपच्या पुढे ठेवा.

१२. महिना बदलताना

पट्टी महिन्याच्या १ तारखेला बदलू नका, शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी बदला. जुन्या पट्टीच्या राखाडी भागात हाताने काही लिहिलं असेल तर ते आधी नव्या पट्टीवर उतरवा. हे विसरलं की नेमक्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदी हरवतात.

जुन्या पट्ट्या मी टाकत नाही. बारा पट्ट्या कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवून ठेवते. कोणत्या महिन्यात कोणतं विवरण किती आधी भरलं, कधी मुदत वाढली, कोणत्या आठवड्यात कुणी रजेवर होतं, हे सगळं पेन्सिलीच्या खुणांत असतं, आणि पुढच्या डिसेंबरात नव्या पट्ट्या आखताना कोणती खूण छापायची आणि कोणती गाळायची ते मी त्यावरूनच ठरवते. कॅल्कची फाइलही वर्षाच्या नावाने वेगळी साठवा. २०२८ साठी वार जानेवारीत शनिवारपासून सुरू करायचे आणि फेब्रुवारीला २९ अधिक ९ चा चौथा साचा लागेल.